नव्या देशात १४ दाते: मदतीचा ताळमेळ कोणत्या खात्याकडे द्यायचा?

सातरस्ता_एमए
आमच्या सोलापूरच्या अभ्यासगटात रविवारी मंत्रिमंडळाचा खेळ आहे. देश कल्पित. स्वतंत्र होऊन दोन वर्षं, लोकसंख्या नऊ लाख, मदत देणारे १४, चालू प्रकल्प १६०च्या आसपास. आम्ही अर्थमंत्र्यांचे सल्लागार. परराष्ट्र खातं म्हणतंय, दाते आमच्या ओळखीचे, आम्हीच बघतो. पहिल्या सहा महिन्यांत नेमकं काय करायला सांगावं? 'समन्वय समिती नेमा' एवढ्यावर परीक्षक सोडणार नाहीत.

जमाखर्च
करारावरच्या सह्या आणि फोटो परराष्ट्र खात्याला द्या, रजिस्टर अर्थखात्याच्या बजेट विभागात ठेवा. शाळा दात्याने बांधली तरी शिक्षकाचा पगार बजेटमधूनच जातो. सिमेंटवरच्या करमाफीने महसूल घटतो. कर्ज असेल तर हप्ता तिजोरीच भरते. यातलं काहीच परराष्ट्र खात्याच्या वहीत नसतं. आपल्याकडेही हे काम अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाकडे आहे.

सुरुवातीला एक्सेल बस्स, महागडं सॉफ्टवेअर नको. प्रकल्पाला एक ओळ: दाता, अनुदान की कर्ज, कबूल रक्कम, प्रत्यक्ष आलेली रक्कम, पैसा कोणामार्फत खर्च होतो, जिल्हा, संपण्याची तारीख. शेवटचा रकाना सगळे गाळतात, तोच महत्त्वाचा: दाता गेल्यावर दरवर्षी किती खर्च आपल्या गळ्यात पडणार?

दोन चुका हमखास होतात. एखादा देश आपला पैसा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेमार्फत खर्च करतो. दोघंही तो आपापल्या नावावर कळवतात आणि एक कोटीचे दोन होतात. म्हणून मूळ दाता आणि खर्च करणारी संस्था हे रकाने वेगळे ठेवा, बेरीज मूळ दात्यावरच करा. दुसरी चूक वर्षाची. अमेरिकी सरकारचं वर्ष ऑक्टोबरला सुरू होतं, जपानचं आपल्यासारखं एप्रिलला. वार्षिक आकडे मागितले तर ते कशालाच जुळत नाहीत. तिमाहीचे मागा आणि आपल्या वर्षात आपणच बसवा.

बोअरवेल_६०फूट
मालक, पैशाइतकंच सामानाकडेही बघा. जगभर गेलेल्या इंडिया मार्क टू हातपंपाचं मूळ आपल्या सोलापूर पंपात आहे. त्याआधीचे बिडाचे पंप एका घराच्या वापरापुरते होते. अख्खं गाव दिवसभर दांडा मारायला लागलं की खिळी झिजायची, दांडा मोडायचा. सोलापूर पंपात दांडा एकाच खिळीवर फिरतो आणि खालचा दट्ट्या ओढणारा गज साखळीने उचलला जातो, त्यामुळे गज सरळ वर येतो. सत्तरच्या दशकात युनिसेफच्या साथीने त्याच धर्तीवर मार्क टू तयार झाला, पुढे त्याला भारतीय मानक मिळालं. मग एकाच अवजारपेटीवर आणि त्याच सुट्या भागांवर गावोगावचे पंप दुरुस्त होऊ लागले.

तुमच्या देशात प्रत्येक दाता आपापल्या गावचा पंप, जनरेटर आणि जीप आणेल. वॉशर फाटला की मागवायचा थेट त्याच्या देशातून. करारातच लिहून घ्या: पंपाची दोनच मॉडेलं, वाहनांची दोन, आणि सोबत दोन वर्षांचे सुटे भाग. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, इथे मोजायचेच.

होटगीरोड
रजिस्टर ठेवाल हो, पण १४ जणांच्या शिष्टमंडळांना चहा पाजण्यातच सचिवांचं वर्ष जाईल. टांझानियाने बजेटच्या महिन्यांत शिष्टमंडळं येऊ नयेत असा नियम केला. रवांडाने २०१० मध्ये दात्यांची क्षेत्रं वाटून दिली, एकाला तीनच. भारतानेही २००३ मध्ये बऱ्याच छोट्या दात्यांना 'आता सरकारला नको, स्वयंसेवी संस्थांना द्या' म्हणून सांगितलं.

सगळ्यांचा पैसा एका निधीत टाकायचा मोह होईल. पूर्व तिमोरात १९९९ नंतर जागतिक बँक आणि आशियाई विकास बँकेने असा निधी चालवला. असल्या निधीतला धोका असा, की काम करणारी पथकं खात्यांबाहेर बसतात, पगार दुप्पट-तिप्पट देतात आणि खात्यातले बरे इंजिनिअर तिकडेच जातात. दक्षिण सुदानमध्ये २००५च्या शांतता करारानंतरच्या निधीवर टीका झाली ती पैसा वेळेत खर्च न झाल्याची. निधी करा, पण बंद होण्याची तारीख आणि पगाराची कमाल मर्यादा पहिल्याच कागदावर लिहा.

जमाखर्च
तीन क्षेत्रांच्या अटीबद्दल माझं मत वेगळं आहे. दुसऱ्याच वर्षी ती लावली तर आरोग्यातून निघालेला दाता रस्त्यांकडे वळत नाही, पैसा दुसऱ्या देशात नेतो आणि दवाखाना छताविना राहतो. अट फक्त नव्या प्रकल्पांना लावा.

सातरस्ता_एमए
आणि दात्याने रजिस्टरची ओळ भरलीच नाही तर? बडा देश असेल, त्याला कोण बोलणार?

जमाखर्च
बोलायला लागत नाही. सीमाशुल्क माफीच्या अर्जावर रजिस्टरचा नंबर सक्तीचा करा. नंबर नाही तर माफी नाही, कंटेनर बंदरात. तिथलं भाडं दिवसावर चढतं. आठवड्यात त्यांचाच माणूस फॉर्म घेऊन येतो. औषधं आणि दुष्काळातलं धान्य तेवढं यातून वगळा आणि ती यादी आरोग्य खात्याकडून आधीच मंजूर करून घ्या, नाहीतर पहिल्याच महिन्यात लशी उन्हात उभ्या राहतील.