मदत हवी आहे: ड्रेनेजसाठी खोदलेली गल्ली पूर्ववत कोण करणार? (इंदूर)

कान्हकाठ:
मंडळी, इंदूरला आमच्या १२ फुटी गल्लीत ड्रेनेजची नवी लाइन टाकली. २ फूट रुंद चर मातीने बुजवला, वरचं काँक्रीट मात्र केलंच नाही. आता माती बसून चर वीतभर खाली गेलाय आणि चेंबरचं झाकण चरापेक्षा वर राहिलंय. स्कूटर अडखळतात, वयस्कर माणसांना चालवत नाही. नगर निगमच्या (महापालिकेच्या) ३११ या तक्रारींच्या अ‍ॅपवर दोनदा तक्रार टाकली, दोन्ही वेळा 'निराकरण झाले' म्हणून बंद. पार्षद (नगरसेवक) म्हणतात, नव्या रस्त्याचा प्रस्ताव पाठवू. थांबावं की आणखी काही करता येईल?

निवृत्त_उपयंत्री:
ताई, 'नवा रस्ता करा' असं कुठेही लिहून देऊ नका. नवा रस्ता म्हणजे नवी फाइल: एस्टिमेट, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, टेंडर, मग वर्क ऑर्डर. बजेटमध्ये तरतूद नसेल तर फाइल तिथेच पडून राहते. ड्रेनेजसाठी खोदलेला रस्ता पूर्ववत करणं बहुधा त्याच ठेक्यात धरलेलं असतं. तेव्हा मागणी 'अपूर्ण काम पूर्ण करा' अशीच हवी. तीही ठेकेदाराचं शेवटचं बिल आणि सुरक्षा निधी (निगमकडे ठेवलेली अनामत) निघण्याच्या आत. एकदा पैसे सुटले की त्याला परत गल्लीत आणणं फार अवघड.

तक्रार चेंबर तुंबल्याच्या सदरात टाकली होती का? तसं असेल तर निगमच्या कामगारांची गँग येते, झाकण उघडते, पाणी वाहताना बघते आणि तक्रार बंद करते. रस्त्याच्या सदरात टाका. चरात टेप उभी धरून फोटो काढा, आकडा वाचता आला पाहिजे.

कान्हकाठ:
पण काँक्रीट ठेक्यात होतं की नाही, हे कळणार कसं?

वॉर्डवाला:
माहितीच्या अधिकारात. निगमच्या लोक सूचना अधिकाऱ्याच्या नावे अर्ज, १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. 'काम का केलं नाही' असं विचारू नका, कारणं विचारली की टोलवाटोलवी होते. कागद मागा: गल्लीचं नाव घालून वर्क ऑर्डर, कामांची परिमाण-सूची (ठेक्यात कोणतं काम किती, याची यादी), माप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं जिच्यात चढवतात ती वही) त्या गल्लीची पानं आणि आजवर दिलेली बिलं, सगळ्याच्या प्रमाणित प्रती.

खरी मेख माप पुस्तिकेत आहे. तिच्यात काँक्रीटची लांबी-रुंदी-जाडी चढलेली असेल आणि गल्लीत माती असेल, तर पुढे कुणाला काही समजावत बसावं लागत नाही. म्हणून चराची लांबी आजच मोजून ठेवा. मुदतीत उत्तर नाही आलं, तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील.

दरम्यान १८१ वर, म्हणजे सीएम हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवा. मुदतीत निपटारा नाही झाला तर ती एल-१ वरून एल-२ अशी वरच्या अधिकाऱ्याकडे चढत जाते. फोन करून 'समाधान झालं का' विचारतील. काँक्रीट पडल्याशिवाय हो म्हणू नका.

पार्षदांवर राग धरू नका. ८५ वॉर्डांचे पार्षद परिषदेत बजेट मंजूर करतात, पण ठेकेदाराला नोटीस काढणं आयुक्तांच्या यंत्रणेचं काम. पार्षदांकडून लेटरहेडवर 'अपूर्ण काम' असं लिहिलेलं पत्र घ्या, ते अर्जाला जोडा.

निवृत्त_उपयंत्री:
आणि काम सुरू झालं की आहे त्या मातीवर काँक्रीट ओतू देऊ नका. मोकळी माती काढून १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारून, धुमसून भरायला लावा. एकदम भरलेला चर पहिल्या पावसात बसतो, वरचा थर अधांतरी राहतो आणि चराच्या कडेने लांबच लांब तडा जातो. चेंबरची चौकट काँक्रीटच्या पातळीलाच बसली पाहिजे, नंतर उचलता येत नाही. वर गोणपाट टाकून किमान ७ दिवस पाणी, आणि तेवढे दिवस गल्लीच्या दोन्ही तोंडांना आडवे बांबू. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. दुसऱ्याच दिवशी गाडी घातली की कडा तुटतात आणि पाणी पुन्हा चरातच शिरतं.