एनएफएलला (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगला) सर्वाधिक खेळाडू कोणती महाविद्यालये देतात?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): रविवारी रात्री जागून आम्ही अमेरिकन फुटबॉलचे सामने पाहतो, तेव्हा खेळाडूंच्या ओळखीत जॉर्जिया, अलाबामा, ओहायो स्टेट हीच नावे वारंवार येतात. व्यावसायिक खेळाडू घडवण्यात नेमके पुढे कोण आहे?

उत्तर (महाल): एकूण इतिहास पाहिला तर नोत्र दाम आणि सदर्न कॅलिफोर्निया यांचे प्रत्येकी पाचशेहून अधिक खेळाडू ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ दरवर्षी फेरीफेरीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, निवडले गेले आहेत. मात्र पूर्वी ड्राफ्टच्या फेऱ्या जास्त असत. १९८४ मध्ये टेक्सासचे १७ खेळाडू निवडले गेले ते बारा फेऱ्यांत, तर जॉर्जियाने २०२२ मध्ये १५ खेळाडू सातच फेऱ्यांत दिले, म्हणून मला जॉर्जियाची कामगिरी अधिक मोलाची वाटते.

उत्तर (सक्करदरा): संख्येइतकाच दर्जाही पाहावा. अलाबामाचे सहा खेळाडू २०२१ मध्ये पहिल्याच फेरीत निवडले गेले. त्यांत वॉडल, सर्टेन, डेव्हॉन्टा स्मिथ, मॅक जोन्स, लेदरवुड आणि नाजी हॅरिस होते. मायामीने २००४ मध्ये हेच साधले होते.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. लहान महाविद्यालयांना संधी मिळते का?

उत्तर (महाल): निश्चित मिळते. एनएफएलचे महान खेळाडू जेरी राइस मिसिसिपी व्हॅली स्टेट या लहान महाविद्यालयाचे होते, आणि १९८५ मध्ये त्यांची निवड सोळाव्या क्रमांकावर झाली.