मदत हवी आहे: ‘सर्ज’ला मराठीत काय लिहू? वीज, समुद्र, टॅक्सी, गर्दी, सगळीकडे हाच शब्द

पोथीवाली_धरमपेठ
नमस्कार मंडळी. मी नागपुरात इंग्रजी-मराठी भाषांतराची कामं करते. सध्या घर आणि प्रवास विम्याची एक पुस्तिका हातात आहे आणि त्यात ‘सर्ज’ या एका शब्दानं जीव खाल्लाय. इलेक्ट्रिकल सर्जनं टीव्ही जळाला तर भरपाई मिळणार. समुद्राकाठच्या घरांना स्टॉर्म सर्जचं संरक्षण. आपत्तीनंतरच्या डिमांड सर्जसाठी वेगळं कलम. टॅक्सीचं सर्ज भाडं मात्र मिळणार नाही. शिवाय कार्यक्रमात क्राउड सर्जमुळे झालेली इजा.

ग्राहकाची अट अशी की एका इंग्रजी शब्दाला सगळीकडे एकच मराठी शब्द हवा. त्यांच्या सॉफ्टवेअरनं ‘लाट’ सुचवलंय. त्यामुळे ‘विजेच्या लाटेमुळे उपकरण जळाल्यास’ असं वाक्य तयार होतं. मे महिन्यात नागपूरच्या माणसानं हे वाचलं तर त्याला उष्णतेची लाटच आठवेल. सगळीकडे चालेल असा एखादा शब्द आहे का? की सरळ ‘सर्ज’च ठेवू?

बर्डीवाला
काहून डोकं खपवून राहिल्या ताई? ‘सर्ज’च लिहा. बर्डीवरून विमानतळाला जाताना ड्रायव्हर स्वतःच सांगते, ‘साहेब, आता सर्ज लागून राहिला.’ त्याले लाट म्हटलं तर तो गाडीतून उतरवून देईल.

दाब_आणि_भार
वीज वितरणात नोकरी करून निवृत्त झालो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. यात शब्दापेक्षा अर्थाचा घोळ मोठा आहे, आणि विम्यात तो पैशाचा घोळ होतो.

तांत्रिक अर्थानं सर्ज म्हणजे फार थोड्या वेळासाठी एकदम चढलेला विद्युतदाब. वेळ मायक्रोसेकंदांत मोजतात आणि दाब हजारो व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. जवळपास वीज पडली किंवा मोठा भार अचानक चालू-बंद झाला की हे होतं. चाचणीसाठी जी प्रमाण लहर वापरतात ती १.२/५० मायक्रोसेकंदांची असते. म्हणजे साधारण १.२ मायक्रोसेकंदांत शिखर गाठायचं आणि ५० व्या मायक्रोसेकंदाला निम्म्यावर यायचं. सर्ज प्रोटेक्टरमधला व्हॅरिस्टर एवढ्यासाठीच असतो. दाब मर्यादेपलीकडे गेला की तो जादा प्रवाहाला वाट करून देतो आणि पुन्हा गप्प बसतो.

आता आपल्याकडे टीव्ही-फ्रिज जळतात त्यातलं बरंचसं या व्याख्येत बसतच नाही. न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, तुटला की २३० व्होल्टच्या जागी ४०० च्या आसपास दाब घरात येऊ शकतो, आणि तो मिनिटं-मिनिटं टिकतो. मोहल्ल्यात याला ‘लाईन हाय झाली’ म्हणतात. अशा वेळी प्रोटेक्टर स्वतःच तापून जळतो. तेव्हा मूळ इंग्रजीत फक्त सर्ज आहे की ओव्हरव्होल्टेजही आहे, ते आधी बघा. दोन्ही असतील तर मराठीतही दोन शब्द लागतील. ‘विद्युतदाबातील क्षणिक उसळी’ आणि ‘विद्युतदाब वाढलेला राहणे’ असं काही करता येईल. ‘अतिदाब’ नको. लोक रक्तदाबाची गोळी शोधायला लागतील.

आणखी एक. इन्व्हर्टरवरचं सर्ज रेटिंग म्हणजे ही भानगड नव्हे. फ्रिजचा कॉम्प्रेसर किंवा पाण्याची मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट विद्युतप्रवाह ओढते, तो धक्का इन्व्हर्टरनं सोसायचा असतो. दुकानदार त्याला ‘स्टार्टिंगचा लोड’ म्हणतात. मला तो शब्द बरोबर वाटतो.

चिपळूणचा_सासरवास
माहेर वर्धा, सासर कोकण, त्यामुळे समुद्राचं मी सांगते. स्टॉर्म सर्जला ‘लाट’ म्हणणं चूकच. लाट येते आणि जाते. इथे समुद्राची पातळीच काही तास वर चढलेली राहते. वादळाचा वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलतो आणि केंद्रातला हवेचा दाब उतरल्यामुळे पाणी थोडं फुगतं, एक हेक्टोपास्कल उतरला तर सुमारे एक सेंटिमीटर. मुख्य काम वाऱ्याचंच. किनाऱ्याजवळचा समुद्र उथळ असेल तर पाण्याला खालून परत फिरायला जागा उरत नाही, म्हणून बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाला हे इतकं भयानक होतं. १९७० चं भोला वादळ आणि १९९९ चं ओडिशाचं महाचक्रीवादळ, दोन्हींत असंच पाणी आत घुसलं होतं. त्यात भरतीची वेळ गाठली गेली तर विचारूच नका.

आमच्याकडे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला ‘उधाण’ म्हणतात. त्यामुळे नुसतं ‘उधाण’ लिहिलंत तर कोळी माणूस म्हणेल, हे तर दर पंधरवड्याला येतं. ‘वादळी उधाण’ लिहा. अर्थ लगेच लागतो.

जाता जाता, कोयनेच्या वीजप्रकल्पात सर्ज वेल आहे आणि तिला मराठीत ‘उल्लोळ विहीर’ म्हणतात. जनित्रं अचानक थांबली की बोगद्यातून वेगानं येणाऱ्या पाण्याला कुठेतरी वर चढायला जागा लागते, तीच ही विहीर. इतका देखणा शब्द आपल्याकडे आहे, पण विम्याच्या पुस्तिकेत घालू नका, कोणालाही कळणार नाही.

पोथीवाली_धरमपेठ
उल्लोळ! हा शब्द मी जपून ठेवते. काका, तुमचा मुद्दा महत्त्वाचा निघाला. मूळ मजकुरात खरंच ‘सर्ज ऑर ओव्हरव्होल्टेज’ आहे, आणि सॉफ्टवेअरनं दोन्हींना एकाच लाटेत बुडवलंय.

लॅटिनप्रेमी_मास्तर
मूळ लॅटिन ‘सर्गेरे’, म्हणजे वर उठणे. सोर्स, रिसरेक्शन, इन्सर्जंट ही सगळी त्याच घरातली. सर्जन मात्र नाही, तो ग्रीकमधल्या ‘हातानं केलेलं काम’ या अर्थाच्या शब्दातून आला. आणि कोटाचं सर्ज कापड तर पार रेशमाच्या नावावरून आलेलं. देवनागरीत दोन्ही सर्ज सारखेच दिसतात, एवढीच त्यांची ओळख.

बातमीचा_डेस्क
पेपरात रोज हीच मारामारी असते. आमचा ठोकताळा सांगतो. ‘स्पाइक’ टोकदार असतो, चढतो आणि तितक्याच लवकर उतरतो. ‘सर्ज’मध्ये मागून जोर असतो, काहीतरी फुगून पुढे सरकतं. ‘हाइक’ कोणीतरी ठरवून करतो. मराठीत हा शेवटचा फरक आपण आपसूकच करतो. वीज आयोगानं केली ती दरवाढ, कळमन्याच्या बाजारात आवक घटून झाली ती भाववाढ. टोमॅटो कडाडतो, सोनं उसळी घेतं, उत्साहाला उधाण येतं, पारा चढतो. कोण चढतंय त्यावर क्रियापद ठरतं. एकच शब्द मागणाऱ्या ग्राहकाला हे कळायला वेळ लागेल.

तुमचं डिमांड सर्ज म्हणजे ग्राहकांची मागणी वाढणं एवढंच नाही. विमावाल्यांच्या भाषेत, आपत्तीनंतर सगळ्यांचीच घरं एकदम दुरुस्तीला निघतात आणि मिस्त्री, सिमेंट, पत्रे सगळं महागतं, तो वाढीव खर्च. ‘आपत्तीनंतरची मजुरी व साहित्याची भाववाढ’ असं लांब लिहा. लांबीला घाबरू नका.

गर्दीसाठी ‘जनसागर उसळला’ हे आमचं दीक्षाभूमीच्या बातमीचं ठरलेलं वाक्य आहे, पण ते आनंदाचं. विम्यातला क्राउड सर्ज म्हणजे मागचे ढकलतात आणि पुढच्यांना जागाच नसते, तो प्रकार. त्याला ‘गर्दीचा रेटा’. चेंगराचेंगरी हा त्याचा परिणाम, तो शब्द कारणाच्या जागी वापरू नका.

बर्डीवाला
अन् भाड्याचं? दुरांतोनं मुंबईला जाताना तिकीट भरत गेलं की वाढते, २०१६ पासून, दर दहा टक्के जागांमागे दहा टक्के, सुरुवातीला दीडपटीपर्यंत. त्याले कोणी सर्ज म्हणत नाही, ‘फ्लेक्सी’ म्हणते. प्रकार तर सारखाच ना? टॅक्सीसाठी केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत दीडपटीची मर्यादा होती, २०२५ मध्ये ती मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत नेली. म्हणून मी म्हणतो, ‘मागणीनुसार वाढीव भाडं’ लिहा अन् पुढे ‘सर्ज’ टाका. ॲपवर लोकायले तेच दिसते.

पोथीवाली_धरमपेठ
बर्डीवाले भाऊ, पहिल्या उत्तरापेक्षा हे चांगलं आहे. आता प्रश्न उरला ग्राहकाच्या अटीचा. प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द दिला तर त्यांची तपासणी यंत्रणा लाल खुणा करणार.

बातमीचा_डेस्क
शब्दसूचीत ‘सर्ज’ ही नोंदच ठेवू नका. ‘स्टॉर्म सर्ज’, ‘क्राउड सर्ज’, ‘सर्ज प्राइसिंग’ अशा पूर्ण संज्ञांच्या नोंदी करा. मग एका संज्ञेला एकच शब्द ही अटही पाळली जाते आणि यंत्रणाही गप्प. ग्राहकाला पाठवताना काकांचं न्यूट्रलचं उदाहरण जोडा, दावा नाकारला गेल्यावर कोर्टात काय होईल ते त्यांच्या कायदा विभागाला लगेच उमगेल.

पोथीवाली_धरमपेठ
हे जमेल. आजच सूची बदलते. एकच राहिलं, रुग्णालयाच्या पानावर ‘सर्ज कपॅसिटी’ आहे.

दाब_आणि_भार
‘ऐनवेळची वाढीव रुग्णक्षमता’. २०२१ च्या एप्रिलमध्ये जे कुठेच उरलं नव्हतं ते.