मदत हवी आहे: आराखडा ठरण्याआधी रुग्णांना नियोजनात कसे आणावे?

नमस्कार,

एका सार्वजनिक आरोग्य केंद्राच्या नियोजन समितीवर मी वर्षभर रुग्ण प्रतिनिधी म्हणून काम करते आहे. मधुमेह व उच्च रक्तदाबाच्या रुग्णांसाठी पुढील वर्षीची सेवा कशी असावी, हे ठरवण्याचे काम समितीकडे आहे. त्याबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे.

अडचण अशी की, बैठकीचे बोलावणे येते तेव्हा आराखडा तयार झालेला असतो. तपासणीचे वार, वेळा, औषधवाटपाची पद्धत हे सारे आमच्यापुढे केवळ संमतीसाठी येते. गेल्या खेपेस रक्ततपासणीची वेळ दुपारची ठरली होती. उपाशीपोटी रक्त द्यायचे असेल तर इन्सुलिन घेणाऱ्याने तोवर काय करायचे, हा प्रश्न एका रुग्णाने पहिल्या पाच मिनिटांतच विचारला. तज्ज्ञांपैकी कोणाच्याही तो ध्यानात आला नव्हता. वेळ बदलली नाहीच, आणि इतिवृत्तात ‘रुग्णांशी चर्चा झाली’ एवढीच नोंद झाली, याचे मला फार वाईट वाटले.

प्राथमिक आरोग्यसेवेवरील आंतरराष्ट्रीय परिषदेत मंजूर झालेल्या १९७८च्या अल्मा-आटा जाहीरनाम्याने आरोग्यसेवेच्या नियोजनात आणि अंमलबजावणीत भाग घेणे हा लोकांचा हक्क आणि कर्तव्य मानले आहे. अमेरिकन अभ्यासक शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ साली मांडलेल्या लोकसहभागाच्या आठ पायऱ्यांच्या शिडीत मत विचारणे ही चौथी पायरी आहे. निर्णयात खरा वाटा सहाव्या पायरीपासून मिळतो. आम्ही चौथीवरच अडकलो आहोत, असे मला वाटते.

प्राधान्यक्रम ठरवण्याच्या पहिल्याच बैठकीत रुग्णगटांना बसवण्याचा नियम कोणी करून घेतला आहे का, आणि त्यासाठी समितीच्या कार्यकक्षेत (म्हणजे तिचे काम व अधिकार ठरवणाऱ्या लेखी मजकुरात) नेमके कोणते शब्द घातले? दुसरे म्हणजे, मी स्वतः शिकलेली आहे आणि मला वेळ काढता येतो. ज्यांचा रोज बुडतो, ज्यांना ऐकू कमी येते किंवा जे अंथरुणाला खिळले आहेत, त्यांच्या वतीने मी बोलणे मला पटत नाही. प्रवासखर्च आणि बुडालेल्या रोजाची भरपाई देण्यास आमच्या समितीची तयारी दिसते, पण पैसे घेणारा प्रतिनिधी मोकळेपणाने बोलेल का, अशी शंका काही सदस्य काढतात. मला ती रास्त वाटत नाही, तरी अनुभवाचे उत्तर हाताशी असावे.

पुढील बैठक तीन आठवड्यांनी आहे. कोणाकडे कार्यकक्षेचा मसुदा असल्यास, किंवा रुग्णांची प्रत्येक सूचना स्वीकारली की नाकारली आणि का, हे लेखी कळवण्याची पद्धत कोठे सुरू असल्यास, कृपया सविस्तर लिहावे.