ट्यूनर फिरवताना उभा पसारा बघा

ट्यूनर म्हणजे रायफलच्या बॅरलच्या तोंडाशी बसवलेलं, खुणांवर फिरवून मागेपुढे करायचं वजन. त्याच्या प्रत्येक खुणेवर पाच-पाच गोळ्या झाडून, ज्या खुणेवर ग्रुप (टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका) सगळ्यात लहान आला तिथे ट्यूनर कायम केला आणि दुसऱ्या दिवशी तो ग्रुप गायब, अशी तक्रार एका नेमबाजाने केलीय. त्यात ट्यूनरचा दोष नाही हो, पाच गोळ्यांचा ग्रुप नशिबानेही लहान येतो.

ग्रुप किती लहान आला यापेक्षा तो उभा किती पसरलाय ते बघा. आडवा पसारा बहुतेक वेळा वाऱ्याचा असतो. पॉइंट टू-टू (.22) रायफलची टार्गेट गोळी सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगाने निघते. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला तर ५० मीटरवर हळू गोळी सुमारे ७ मिलिमीटर खाली लागते. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळच १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे संपलं! ट्यूनरचं काम एवढंच: हळू गोळी बाहेर पडताना बॅरलचं तोंड किंचित वर जात असलं पाहिजे, म्हणजे ती कमतरता भरून निघते.

मी आधी दोन-दोन खुणा सोडून चाचपतो. उभा पसारा आखडायला लागला की तिथे एकेक खूण, आणि जमलेल्या जागी निदान २०-२५ गोळ्या. सगळ्या एकाच लॉटच्या, म्हणजे कारखान्यातल्या एकाच खेपेच्या. बॅरल नुकतीच साफ केली असेल तर सुरुवातीच्या गोळ्या मोजायच्या नाहीत.

आणि स्टॉकचे (रायफलच्या दस्त्याचे) स्क्रू ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरल्याइतके घट्ट आहेत ना? माझा मागचा स्क्रू ढिला होता, अख्खी दुपार मी ट्यूनरच फिरवत बसलो होतो.