आइनस्टाइनचं ‘स्पूकी’ : हा शब्द विज्ञानाच्या लेखांतून काढावा का?

नळस्टॉप :
क्वांटम फिजिक्सवरचा कुठलाही मराठी लेख किंवा व्हिडिओ उघडा, दोन कण एकमेकांत गुंतलेले असतात, एकाचं मोजमाप केलं की लांबच्या दुसऱ्याचंही लगेच कळतं, आणि मग ते ठरलेलं वाक्य येतंच की आइनस्टाइन याला ‘स्पूकी ॲक्शन ॲट अ डिस्टन्स’ म्हणायचा, म्हणजे भुताटकी. हे बंद व्हायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. अहो, तो कौतुक करत नव्हता, तक्रार करत होता! मार्च १९४७ मध्ये मॅक्स बॉर्न या फिजिक्सवाल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की क्वांटम थिअरीवर माझा मनापासून विश्वास बसत नाही, कारण फिजिक्सने जे वास्तव आहे ते काळ आणि अवकाशात मांडायला हवं आणि त्यात असली लांबून होणारी भुताटकी नको. मूळ पत्र जर्मनमध्ये आहे, शब्द ‘श्पुकहाफ्ट’. ‘स्पूकी’ लोकांसमोर आलं ते १९७१ ला ही पत्रं इंग्रजीत छापली गेली तेव्हा. म्हणजे त्याने घेतलेला आक्षेप आपण सर्टिफिकेट म्हणून मिरवतोय. सोसायटीच्या ग्रुपवर परवा ‘क्वांटम हीलिंग’ शिबिराची जाहिरात आली, पहिलीच ओळ अशी की दूर बसलेल्या पेशंटवर परिणाम होतो हे आइनस्टाइननेही मान्य केलंय. मंत्राने बरं करतो म्हणणाऱ्याकडे लोक आता जरा संशयाने बघतात, पण क्वांटमने बरं करतो म्हटलं की शिकलेली माणसंही पाकीट उघडतात, आणि त्यांना ही वाट आपल्याच लेखांनी करून दिलीय.

सांगलीकर_मास्तर :
अजिबात पटलं नाही. मी बारावीला फिजिक्स शिकवतो, शेवटच्या बाकावरची पोरं मान वर करून ऐकतात ती याच वाक्याला. आणि शब्द कुठून आला यावरून तो टाकायचा तर ‘बिग बँग’पण टाका, तो खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलने १९४९ मध्ये रेडिओवर वापरला आणि त्याला ती थिअरी पटतच नव्हती. आज तोच शब्द पाठ्यपुस्तकात आहे, कुणाचं काय बिघडलं? दुसरं म्हणजे इंग्रजीत हा शब्द तुम्ही म्हणताय तेवढा भुताचा राहिलेलाच नाही. घोडा ‘स्पूक’ झाला म्हणजे बुजला, शेअर बाजार ‘स्पूक’ झाला म्हणजे गुंतवणूकदार बिचकले, गुप्तहेरालाही ‘स्पूक’ म्हणतात.

एडिसनची_वहिनी :
मास्तरांच्या मुद्द्यात थोडी भर घालते, मी बरीच वर्षं न्यू जर्सीत आहे. इथे ऑक्टोबर लागला की दुकानात सगळीकडे ‘स्पूकी सीझन’, भोपळे, कागदी वटवाघळं, तीन वर्षाच्या पोराच्या टीशर्टवर पण स्पूकी लिहिलेलं. खरंच भीती वाटली तर लोक ‘स्केअरी’ म्हणतात, स्पूकीत जरा गंमत असते, अंगावर हलका काटा येतो तेवढंच. त्यामुळे ‘भुताटकी’ हा मराठी शब्द त्यासाठी फार जड होतो, आपल्याकडे भुताटकी म्हटलं की देवऋषी, उतारा, लिंबू-मिरची सगळं मागोमाग येतं.
एक मात्र मनापासून सांगते, इथे शिकायला येणाऱ्या मुलांनी लक्षात ठेवा. विशेषण बिनधास्त वापरा, पण ‘स्पूक’ हे नाम माणसासाठी वापरू नका. मूळ डच शब्द, अर्थ भूत, पण अमेरिकेत कृष्णवर्णीय लोकांना हिणवायला तो वापरला गेलाय आणि ज्यांनी ते ऐकलंय त्यांच्यासाठी ती जुनी गोष्ट नाही.

नळस्टॉप :
वहिनी, ‘भुताटकी’ जड होतो हेच तर मी म्हणतोय, मराठी वाचकाला टीशर्टवरचं स्पूकी दिसतच नाही, थेट देवऋषी दिसतो. मास्तर, बिग बँगच्या नावाने कुणी गंडेदोरे विकत नाही. आणि मुळात यात भुतासारखं आहे काय? चपलांच्या जोडातली एक पुण्यात, एक नागपुरात पाठवली, पुण्यात डावी निघाली की नागपूरची उजवी हे कळलंच. इतकं सरळ सांगा ना.

मृगाचा_पाऊस :
नाही नाही, इथे थांबा. चपलांचं उदाहरण देऊन तुम्ही भूत घालवत नाही आहात, फिजिक्सच घालवताय. चप्पल डावी की उजवी हे खोक्यात भरतानाच ठरलेलं असतं. गुंतलेल्या कणांचंही तसंच लांब जाण्याआधी ठरलेलं असेल तर दोन्हीकडचे निकाल एकमेकांशी किती जुळतात हे दाखवणारा एक ठरावीक आकडा २ च्या वर जाऊच शकत नाही, याचा पाया जॉन बेल या भौतिकशास्त्रज्ञाने १९६४ ला घातला. बेलने १९८१ च्या निबंधात बर्टलमन या सहकाऱ्याच्या दोन रंगांच्या मोज्यांचं उदाहरण घेतलंय, आणि ते पुरत नाही हे दाखवायलाच घेतलंय. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला २०१५ मध्ये दोन हिरे १.३ किलोमीटर लांब ठेवून त्यांच्यातल्या इलेक्ट्रॉनवर प्रयोग केला, आकडा आला २.४२. याच वाटेने आधी गेलेल्या क्लाउझर, आस्पे आणि झायलिंगर यांना २०२२ चं नोबेल मिळालं. आइनस्टाइनला जे खटकलं होतं ते खटकण्यासारखंच होतं, निसर्ग खरोखर तसाच निघाला. या विचित्रपणाला तितकाच विचित्र शब्द हवा, गुळगुळीत नको.

नळस्टॉप :
चपला मागे ठेवू, बेलचा मुद्दा बरोबर आहे. पण मग दुसरी अर्धी गोष्टही त्याच वाक्यात सांगा की, ती कुणीच सांगत नाही. पुण्यातल्या माणसाला आपल्या बाजूला फक्त निम्मे ‘वर’, निम्मे ‘खाली’ (मोजणीची दोनच शक्य उत्तरं) असे अगदी रँडम निकाल दिसतात, नागपुरात काय केलं त्याचा मागमूसही नसतो. दोन्हीकडच्या वह्या शेजारी ठेवल्या, म्हणजे फोन करून किंवा मेल पाठवून, तरच मेळ दिसतो. या वाटेने साधं ‘हो’ किंवा ‘नाही’ पाठवता येत नाही, मग आजार बरा कसा करणार! ‘स्पूकी’ ऐकून वाचकाला नेमकं उलटं वाटतं की काहीतरी तिकडे पोचलं.

सांगलीकर_मास्तर :
हे मी वर्गात सांगतो, त्याच तासाला. आधी स्पूकी, पोरं जागी झाली की बेल, आणि शेवटी हे फोनचं. शब्द काढला तर पुढचं ऐकायला जागं कोण राहणार?

नळस्टॉप :
तुमच्या पोरांना अख्खा तास मिळतो मास्तर. जाहिरात वाचणाऱ्या काकूंना फक्त ती एक ओळ मिळते, आणि मी त्यांच्यासाठी भांडतोय.