मदत हवी आहे: शाळेच्या आवारातल्या तोफेचं चाक जाम, खालून तेल गळतंय

खाडीकाठ_ऐरोली: आमच्या शाळेच्या फाटकाशी सैन्यातून आलेली तोफ उभी आहे. पेव्हर ब्लॉक बसवायचे म्हणून ती दहा-बारा फूट मागे घ्यायची आहे. काल ट्रॅक्टरला साखळी लावून ओढली तर डावं चाक फिरलंच नाही, घासत गेलं. आणि आज सकाळपासून नळीच्या खालून काळपट तेल ठिबकतंय. कंत्राटदार सोमवारी येतोय. चाक कसं सोडवायचं आणि तेल कुठलं भरायचं, एवढंच सांगा. इतिहास नको.

गडवाट: ऑईल पेंट अजिबात मारू नका. आम्ही गडांवरच्या तोफांना टॅनिक ॲसिड लावतो, वरून मेण. गंज तिथेच थांबतो.

खाडीकाठ_ऐरोली: रंगाचं विचारलेलंच नाही. चाकाचं सांगा.

कळव्याचा_गनर: गडवाट, तुमच्या ओतीव तोफा वेगळ्या, ही टायरवाली आहे. खाडीकाठ, आधी हे सांगा: मागचा दांडा एक की दोन? खाली गोल लोखंडी चकती आहे का? ब्रीच, म्हणजे गोळा भरायचं मागचं दार, वेल्ड केलंय का? आणि ओढताना हातब्रेक सोडला होता का?

कामोठे_गॅरेज: एवढं काय विचारायचं? चाकाच्या ब्रेक ड्रमला गॅसची ज्योत द्या, वर हातोडा, सुटेल. तेलाचं म्हणाल तर खालचा नट खोलून जळकं ऑईल ओता. माझ्याकडे जुने ट्रेलर येतात, सगळे असेच सुटतात.

कळव्याचा_गनर: भाऊ, कृपा करून असलं काही सांगू नका. नळीखाली जे आहे ते रिकॉइल यंत्रणा. गोळा सुटला की नळी मागे येते, तिला तेल अडवतं आणि दाबाखालचा वायू पुन्हा पुढे ढकलतो. कित्येक वर्षं उभ्या गनमध्येही तो दाब शिल्लक असू शकतो. नट उडाला तर माणूस जाईल. टायरजवळ ज्योतही नको, आतली हवा तापली तर टायर फुटतो.

खाडीकाठ_ऐरोली: दांडा एकच, रुंद, पेटीसारखा. गोल चकती आहे. मागचं दार उघडत नाही, रंगाचे इतके थर आहेत की वेल्ड कळत नाही. चाकाजवळ एक दांडा वर ओढलेला आहे, तो ब्रेकचा आहे हे आत्ता कळलं.

कळव्याचा_गनर: म्हणजे २५ पाउंडर, ब्रिटिश बनावटीची फील्ड गन. नळीचा आतला व्यास ८७.६ मिमी, वजन १६०० किलोच्या पुढे. १९६५ ला ही गन आपल्याकडे होती, पुढे १०५ मिमी इंडियन फील्ड गनने तिची जागा घेतली. ब्रेक लावूनच ठेवली असेल तर पावसाळ्यात ब्रेकचे शू (आतून दाबणाऱ्या पट्ट्या) ड्रमला चिकटले. उजव्या चाकाला दोन्हीकडून ठोकळे द्या, जॅक ॲक्सलखाली लावा, चकतीखाली नको. ब्रेकचा दांडा सोडा, हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) गंज सोडवणारं भेदक तेल मारून रात्रभर थांबा. मग ड्रम काढून शू साफ करा, बेअरिंग धुऊन नवं ग्रीस भरा.

अंबरनाथ_फिटर: ड्रम लाकडाच्या हातोडीने हलके ठोका, लोखंडी नको. शिवाय ऐरोलीची हवा खारी आहे, पावसाळ्यानंतर गोड्या पाण्याने धुऊन कोरडी करायला हवी. चाकं महिन्याला थोडी फिरवा, म्हणजे टायर एकाच जागी बसत नाहीत.

कळव्याचा_गनर: बरोबर. आणि वरून ताडपत्री घाला.

अंबरनाथ_फिटर: प्लास्टिकची नको! आतल्या आत घाम धरतो, गंज दुप्पट. सुती कॅनव्हास घाला, खालून हवा खेळती ठेवा. मागच्या पेटीसारख्या दांड्यात पाणी साचतं, तिथली भोकं मोकळी करा. रंग मारताना पितळी पाट्या आणि ग्रीस निपल (ग्रीस भरायची तोंडं) झाकून घ्या. आमच्याकडे आलेल्या एका यंत्रावर निपलच रंगाने बुजले होते.

देवळाली_प्रेमी: देवळालीचं तोफखाना संग्रहालय रविवारी उघडं असतं का? मुलांना दाखवायचंय.

कामोठे_गॅरेज: गनर साहेब, वायूचं ठाऊक नव्हतं. नट खोलायचं मागे घेतो. ज्योत मात्र आम्ही टायर काढूनच देतो.

खाडीकाठ_ऐरोली: ब्रेकचा दांडा खाली केला. उजवं चाक फिरतंय, डावं अजून नाही. गळती कमी झाली आहे, खाली डबा ठेवला. तेल भरायचं की नाही?

कळव्याचा_गनर: नाही. ज्या कार्यालयाकडून गन आली त्याचं पत्र शाळेच्या फाइलमध्ये असेल. ती निकामी करून दिली आहे का ते त्यात पाहा आणि रिकॉइलमधला दाब काढून द्यायला त्यांनाच लिहा. उत्तर येईपर्यंत नळीच्या पुढे-मागे मुलं नकोत. डावं चाक सुटलं तरी ट्रॅक्टर नको, आठ-दहा जण हाताने ढकला.

खाडीकाठ_ऐरोली: फाइल शोधायला सांगितली आहे. कंत्राटदाराला आठ दिवस थांबायला सांगितलं. तोफेभोवती दोरी बांधून आलो.